काम आमचे, मग आराखडा कोणाचा?

चाळीसगावच्या नदीवरचा तो पूल चळवळीतल्या माणसाने विसरू नये असा आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. त्या दौऱ्यात ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर जमलेल्या आपल्या लोकांना त्यांना महारवाड्यात न्यायचे होते. टांगेवाल्यांनी नकार दिला. महाराला बसवून टांगा हाकणे त्यांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे होते! अखेर तडजोड अशी झाली की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा मिळणार नाही. मग आपल्यातलाच एकजण लगाम धरून बसला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. ही हकीकत पुढे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवली आहे.

या अपघाताकडे आपण आजवर अस्पृश्यतेचा दाखला म्हणून पाहिले, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक धडा आहे. त्या दिवशी आपल्या लोकांजवळ प्रेम होते, हिंमत होती, स्वाभिमान होता. तयारी मात्र नव्हती. ती असण्याचे कारणच नव्हते, कारण लगाम हाती घ्यायला जातीने त्यांना शिकूच दिले नव्हते. संकटाच्या क्षणी कोण काय करणार, कोणाला काय येते, कोणत्या रस्त्याने जायचे, हे आधी ठरलेले नसले म्हणजे किंमत माणसाच्या हाडांनी मोजावी लागते.

त्याच चाळीसगावात ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री आभाळ फाटले. ३१ तारखेच्या पहाटे तितूर आणि डोंगरी या नद्या शहरात आणि काठच्या गावांत घुसल्या. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद झाला, वाहने घाटात अडकली. माणसे दगावली, शेकडो गुरे वाहून गेली, दुकाने आणि घरे चिखलाने भरली. पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांत नेत्यांचे पाहणी दौरे, पंचनामे आणि मदतीच्या घोषणा येत राहिल्या. पुढे पाणी ओसरले आणि चर्चाही ओसरली.

आम्ही खानदेशातल्या एका नदीकाठच्या वस्तीत गेलो होतो, तेव्हा एक वयस्कर माय आम्हाला म्हणाली, "पानी उनं भाऊ, पन सांगाले कोनी उनं नही." पाणी आले, पण सांगायला कोणी आले नाही. आपत्ती व्यवस्थापनावरचे जाडजूड अहवाल वाचूनही जे कळत नाही ते या एका वाक्यात आहे. सांगायला कोणी का आले नाही? सरकारकडे यंत्रणा नव्हती का? होती. नियंत्रण कक्ष होता, दूरध्वनी होता, जिल्ह्याचा आराखडाही होता. पण सांगायला जाणाऱ्या माणसाच्या यादीत ती वस्ती होती का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून आज आम्ही वाचकांपुढे असा एक विषय ठेवत आहोत, जो आपल्या सभासंमेलनांत सहसा निघत नाही. त्याला सरकारी भाषेत 'इन्सिडेंट अॅक्शन प्लॅन' म्हणतात. आपण त्याला घटना कृती आराखडा म्हणू.

नाव अवघड असले तरी वस्तू साधी आहे. पूर, आग, स्फोट, रेल्वे अपघात अशी घटना घडली की पुढच्या ठरावीक वेळेत, साधारणपणे चोवीस तासांच्या आत, काय साध्य करायचे, ते कोणी करायचे, कोणत्या साधनाने करायचे, एकमेकांशी कसे बोलायचे, जखमींना कुठे न्यायचे आणि काम करणाऱ्यांचा जीव कसा सांभाळायचा, हे लिहून ठेवलेले कागद म्हणजे हा आराखडा. मुदत संपली की काय झाले, काय राहिले ते तपासायचे आणि पुढच्या मुदतीचा नवा आराखडा करायचा. ही पद्धत अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात १९७० साली लागलेल्या मोठ्या वणव्यांनंतर जन्माला आली. तिथे बंब होते, माणसे होती, पैसा होता. तरीही वेगवेगळ्या खात्यांची माणसे एकमेकांची भाषा समजत नव्हती, हुकूम कोणाचा चालायचा हेच ठरलेले नव्हते. आपल्या देशात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली 'घटना प्रतिसाद प्रणाली'ची मार्गदर्शक तत्त्वे काढून ती स्वीकारली. जिल्ह्यात जिल्हाधिकारी जबाबदार अधिकारी, उपविभागात प्रांत, तालुक्यात तहसीलदार, आणि त्यांच्या हाताखाली तीन विभाग: प्रत्यक्ष काम करणारा, नियोजन करणारा आणि साहित्य पुरवणारा. शिवाय एक सुरक्षा अधिकारी, ज्याला धोक्याचे काम जागीच थांबवण्याचा अधिकार असतो. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता कोणी म्हणेल की पुराला कुठे जात असते? पाणी काय सातबारा बघून घरात शिरते? हा युक्तिवाद आम्ही फार वेळा ऐकला आहे. पाण्याला जात नसते हे खरे. पण गावाच्या जमिनीला आहे. उंचावरची जागा कोणाची आणि नदीकाठची, नाल्याकाठची, ओढ्याच्या वळणावरची जागा कोणाची, हे गावगाड्याने शेकडो वर्षांपूर्वी ठरवून ठेवले आहे. जळगाव जिल्ह्यात तापी, गिरणा, वाघूरच्या काठाने जा, धुळे जिल्ह्यात पांझरा, बुराई, अनेरच्या काठाने जा. बौद्धवाडा, मांगवाडा, भिलाटी कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले, किंवा साक्री तालुक्यातल्या अक्कलपाडा धरणातून पांझरेत पाणी सोडले, की पहिल्यांदा कोणाची चूल विझते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि इतिहासाची थट्टा अशी की गावावर संकट आले तर धावण्याचे काम मुळात आपल्याच पूर्वजांचे होते. वेसकर कोण होता? तराळ कोण होता? रात्री-अपरात्री परगावी सांगावा घेऊन जाणारा, मयताची खबर पोचवणारा, वेशीवर जागणारा, मेलेले जनावर ओढून नेणारा कोण होता? आजच्या भाषेत बोलायचे तर गावाची सगळी आपत्कालीन सेवा महार वतनावर उभी होती. मात्र चावडीवर बसून निर्णय घेणारे दुसरे होते. धावणारा चावडीच्या पायरीखाली उभा राहून हुकूम ऐकत असे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते या वेठबिगारीच्या विरोधात. १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. पण काम आमचे आणि निर्णय त्यांचा, ही वाटणी गेली काय?

पूर ओसरल्यावर काय होते ते आठवा. चिखल कोण काढतो? तुंबलेल्या गटारीत कोण उतरतो? फुगलेली, कुजलेली जनावरे कोण उचलतो? डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टणममध्ये प्रेते उचलायला इतर गावांतून सफाई कामगार आणले गेले. त्यांतले बहुतेक दलित होते. अनेकांना सुरुवातीला हातमोजे नव्हते, तोंडाला बांधायला धड फडके नव्हते. आणि त्याच किनाऱ्यावर दलित कुटुंबांना मदत छावण्यांत वेगळे बसवल्याच्या, पाण्याला शिवू न दिल्याच्या तक्रारी येत होत्या. जे हात प्रेते उचलायला चालतात, ते पिण्याच्या पाण्याला चालत नाहीत!

याच अनुभवाच्या पाठोपाठ आलेल्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ६१ आहे. आपद्ग्रस्तांना भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. पण आमचे म्हणणे याच्या पुढचे आहे. हे कलम मदत आणि भरपाई यांच्यापुरते बोलते. म्हणजे पाणी घरातून गेल्यानंतरचे बोलते. भेदभाव मात्र त्याच्या कितीतरी आधी, मे महिन्यात, तहसील कचेरीतल्या टेबलावर घडून गेलेला असतो. धोक्याच्या गावांची यादी करताना गाव लिहिले जाते, वस्ती लिहिली जात नाही. निवाऱ्याची जागा म्हणून ज्या मंदिराच्या सभागृहाचे नाव टाकले जाते, तिथे आपल्या बाया मोकळेपणाने पाय ठेवतील काय, हे कोणी विचारत नाही. संपर्कासाठी ज्यांचे क्रमांक लिहिले जातात ती सगळी माणसे गावठाणात राहतात. पट्टीचे पोहणारे म्हणून जी नावे असतात त्यांतली काही माणसे हयातही नसतात. अशा कागदावर सही झाली की भेदभाव पूर्ण झाला. त्यासाठी कोणी जातीवरून एक शब्दही उच्चारावा लागत नाही, आणि कलम ६१ खाली तक्रार करायला पुरावाही उरत नाही.

हे फक्त पुराचे नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या वाघाडी शिवारातील रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. किमान १३ जीव गेले, कित्येक होरपळले. १८ एप्रिल २०२३ रोजी साक्री तालुक्यातल्या चिपलीपाडा इथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या ठिकाणी आग लागली, त्यात काम करणाऱ्या चार स्त्रिया जळून मेल्या. भोपाळच्या वायुकांडानंतर या देशात कायदे झाले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याने आतला आपत्कालीन आराखडा करायचा आणि कुंपणाबाहेरच्या लोकांसाठीचा आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा, अशी तरतूद आहे. म्हणजे कारखान्याशेजारच्या पाड्यावरच्या माणसाला तिथे कोणते रसायन आहे, भोंगा वाजला तर कोणत्या दिशेने पळायचे, हे माहीत असणे हा त्याचा अधिकार आहे. आणि चिपलीपाड्यासारख्या लहान ठिकाणांचे काय? जी जागा कोणाच्या यादीतच नाही, तिचा आराखडा कोण करणार? रोजंदारीवर जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींना बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे हे कोणी दाखवले आहे काय?

२२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडे आणि माहेजी स्थानकांच्या दरम्यान काय झाले, तेही पाहा. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ माणसे चिरडली गेली. आग नव्हतीच! खरी माहिती वेळेवर पोचली नाही, एवढेच कारण माणसे मरायला पुरे झाले. म्हणूनच कोणत्याही कृती आराखड्यात 'कोण कोणाला काय सांगणार' हे पान बोट आणि दोरखंडाच्या पानाइतकेच मोलाचे असते.

आता आपण स्वतःकडे पाहू. दोष केवळ प्रशासनाला देऊन भागणार नाही. पूर आला की आपले कार्यकर्ते धावतात, धान्य आणि कपडे गोळा करतात, निवेदन देतात, मोर्चा काढतात. हे सर्व केलेच पाहिजे. पण दरवर्षी मे महिन्यात जिल्ह्यात आणि तालुक्यात मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात, त्यांची दखल आपल्यातले किती जण घेतात? जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत केला पाहिजे असे कायदाच सांगतो. तो आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिला आहे? आम्हीही पाहिला नव्हता, हे प्रांजळपणे कबूल करतो. जेव्हा पाहिला, तेव्हा आपल्या ओळखीच्या वस्त्या त्यात शोधताना बोट पानावरून फिरत राहिले आणि शेवटी रिकामेच परत आले.

बाबासाहेबांचा मार्ग हा नव्हता. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडाला. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. त्यांनी पूरग्रस्तांना मदत वाटण्यावर विषय संपवला नाही. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला दामोदर खोऱ्याची परिषद घेतली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसाच्या नद्यांसाठी परिषद घेतली. नुसते बांध घालत बसण्यापेक्षा पाणी अडवून त्यातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक असे सर्व साधावे, ही दिशा त्यांनी दिली. संकट येण्याआधी एका टेबलाभोवती बसून कागदावर जबाबदाऱ्या ठरवणे ही त्यांची रीत होती. त्यांच्या अनुयायांनी संकट येऊन गेल्यावरच जागे व्हावे, हे शोभणारे नाही.

मग करायचे काय? आमची सूचना अशी आहे की प्रत्येक वस्तीने आपल्या वस्तीचे एक पान तयार करावे. एकच पान, पण पक्के. त्यात घरे किती, माणसे किती, त्यांत म्हातारी, गरोदर, अंथरुणाला खिळलेली, अपंग माणसे कोणत्या घरात, हे लिहावे. पाणी आजवर कुठपर्यंत आले होते, त्याची खूण लिहावी. बाहेर पडायचा रस्ता कोणता, आणि तो बुडाला तर दुसरा कोणता, हे लिहावे. उंचावरची निवाऱ्याची जागा लिहावी. बुद्धविहार किंवा समाजमंदिर उंचावर आणि पक्के असेल तर त्याचेच नाव द्यावे, आणि ते गावातल्या सर्व जातींच्या लोकांसाठी खुले असेल असेही लिहावे. जे आपल्याला नाकारले गेले ते आपण कोणाला नाकारायचे नाही. वस्तीतले पोहणारे, वाहनचालक, नर्स, आशाताई, वायरमन यांची नावे आणि क्रमांक लिहावेत. रात्री दोन वाजता निरोप आला तर तो कोण घेणार आणि कोणती चार पोरे घराघरांत पोचवणार, ते ठरवावे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला घराघरांत सांगावे. कागद वाहून गेले की मदतीच्या रांगेत माणूस परका होतो.

या पानावर शेवटची एक ओळ ठळक अक्षरांत असावी. पुरानंतर मेलेली जनावरे, गाळ आणि गटारी काढण्याचे काम जातीवरून कोणालाही सांगितले जाणार नाही. जो करील त्याला बूट, हातमोजे, यंत्र, लस आणि पूर्ण मजुरी मिळेल. ही मागणी कुठून आणली म्हणून कोणी विचारले तर घटना प्रतिसाद प्रणालीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे बोट दाखवावे. धोक्याचे काम थांबवण्याचा अधिकार त्याला दिलेला आहे, तो आपल्या सफाई कामगारांसाठीही वापरला गेला पाहिजे.

हे पान ग्रामसभेत मांडावे, तहसीलदारांना द्यावे, पोच घ्यावी. पंधरा दिवसांनी जाऊन ते तालुक्याच्या आराखड्यात लागले की नाही ते पाहावे. लागले नसेल तर माहिती अधिकारात आराखड्याची प्रत मागावी. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, तिच्याकडून आपल्या तरुण-तरुणींना प्राथमिक प्रशिक्षण मिळावे अशी मागणी प्रशासनाकडे करावी. १९२९ साली लगाम हाती आला तेव्हा तो धरता येत नव्हता. आता बोटीचे वल्हे, दोरखंड आणि वायरलेस हाती आले तर ते चालवता आले पाहिजेत.

हे आपल्याला जमणार नाही असे कोणी समजू नये. १४ एप्रिलची मिरवणूक काढणारी वस्ती दरवर्षी असाच आराखडा करते! मिरवणुकीचा मार्ग ठरतो, पोलिसांची परवानगी येते, पाण्याचा टँकर कुठे, लाइट कोणाकडे, बायांच्या बाजूला कोणते स्वयंसेवक, कोणाला चक्कर आली तर गाडी कोणाची, हे सगळे जयंती मंडळाची पोरे चोख ठरवतात. वर्गणीचा हिशेबही देतात. तेच मंडळ जयंती झाल्यावर एक बैठक जास्त घेईल आणि मे अखेरपर्यंत वस्तीचे पान तहसील कचेरीत देईल, तर जयंतीचा अर्थ वाढेल. ३१ जुलै १९३७ च्या मुक्कामाची आठवण म्हणून दरवर्षी ऐन पावसाळ्यात लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारो भीमसैनिक जमतात. जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्यांनी यंदा तिथे येताना आपापल्या वस्तीच्या पानाची पोच सोबत आणावी आणि एकमेकांना दाखवावी.

आम्हाला कोणाची दया नको आहे. शेकडो वर्षे आम्ही गावासाठी धावलो, आजही धावायला तयार आहोत. पण आता आम्ही चावडीच्या पायरीखाली उभे राहून हुकूम ऐकणार नाही. ज्या टेबलावर आराखडा होतो, तिथे आमची खुर्ची असली पाहिजे आणि त्या कागदावर आमच्या वस्तीचे नाव असले पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात कोणत्याही मायला 'सांगाले कोनी उनं नही' असे म्हणावे लागू नये, एवढी जबाबदारी तर आपण घेऊ शकतो.

जय भीम!